हायवेला पैसा कोणाचा?

प्रश्न : पेट्रोलवर सेस भरतो, टोलपण भरतो, मग हायवे बांधायला पैसा नक्की कोणाचा लागतो? आणि आमचा मुंबई-गोवा एवढी वर्षं का रखडला? – एक वाचक, माणगाव

उत्तर : फिरून फिरून तुमचाच की हो! पेट्रोल-डिझेलवरचा सेस केंद्राच्या रस्ते निधीत जातो, त्यातून नॅशनल हायवेला पैसे मिळतात, थोडा वाटा राज्याच्या रस्त्यांनाही. हल्ली बरीच कामं हायब्रिड अ‍ॅन्युइटीवर देतात, म्हणजे काम चालू असताना ४० टक्के सरकार देतं, उरलेले ६० ठेकेदार बँकेकडून वगैरे उभे करतो आणि सरकार ते साधारण १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडतं, टोल मात्र सरकारच्या खिशात.

तुमच्याकडचा पनवेल-इंदापूर ८४ किमीचा तुकडा २०११ मध्ये बीओटीवर दिला होता, तिथे पैसा ठेकेदारानेच घालायचा आणि टोलमधून वसूल करायचा, पण जमिनी पूर्ण ताब्यात नाहीत, कर्नाळा अभयारण्याच्या परवानगीचं घोंगडं भिजत पडलेलं, मग काम सरकणार कसं, आणि काम दिसत नसेल तर बँक तरी पुढचे पैसे कशाला सोडेल? मला विचाराल तर भूसंपादन उरकल्याशिवाय वर्क ऑर्डर काढूच नये, भूमिपूजनाचे फोटो उशिरा आले तर येऊ देत.