जांघ ताणू नका, आधी तिच्यात ताकद आणा

कबड्डीत झटक्यात वळताना गुडघा आतून दुखतो, मग मांडीचा आतला स्नायू कसा मजबूत करावा, असं तुम्ही विचारलंय. व्यायाम सांगतोच, पण आधी एक स्पष्ट बोलतो. ‘जांघ आखडली की पाय फाकवा’ ही शिकवण मला अजिबात पटत नाही. नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर सकाळी पोट्टे पाय पसरून बसतात आणि मागून कुणीतरी गुडघे खाली दाबतो. आखडल्यासारखा वाटणारा स्नायू बऱ्याचदा कमजोर असतो. दुखरी शीर (स्नायूचं दोरीसारखं टोक) हाडाला चिकटते तिथेच ती ओढली, तर दुखणं वाढतं.

सुरुवात चेंडूने करा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, मध्ये फुटबॉल धरा आणि १० सेकंद दाबा. असं ५ वेळा. हे न दुखता जमलं की कोपनहेगन नावाचा व्यायाम: कुशीवर झोपा, कोपर बरोबर खांद्याखाली, वरच्या पायाचा गुडघा बाकावर, खालचा पाय मोकळा. वरचा पाय बाकावर दाबून कंबर उचला, खालचा पाय त्याला भिडवा, मग ३ सेकंदांत सावकाश खाली. प्रत्येक बाजूने ६ ते ८ वेळा, २ सेट, आठवड्यातून दोनदा. बाकावर गुडघ्याऐवजी घोटा ठेवला की भार फार वाढतो, ती घाई नको. बहुतेकांची चूक एकच: कंबर लोंबते, छाती जमिनीकडे वळते, आणि काम मांडीऐवजी खांदा करतो. पहिल्यांदा केल्यावर दोन दिवस मांडी ठणकते, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी करूच नका.

नॉर्वेच्या पुरुष फुटबॉलपटूंवरच्या २०१९ च्या अभ्यासात हा एकच व्यायाम हंगामभर करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी होता. ताणण्याच्या भक्तांनी हे वाचावं.

अर्थात, हा आकडा जांघेचा आहे, गुडघ्याचा नाही. आतल्या पाच स्नायूंपैकी फक्त ग्रॅसिलिस गुडघा ओलांडून नडगीवर उतरतो. बाकीचे खुब्यापाशीच पाय आत ओढतात. उडीवरून उतरताना तुमचा गुडघा आत पडत असेल, तर कुल्ल्याची बाजू कमजोर असू शकते, तेव्हा गुडघ्यांभोवती रबराचा पट्टा बांधून बाजूला चालणं आणि एका पायावरचं स्क्वॉटही हवं. सांध्याच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली, आतल्या बाजूला बोट लावल्यावर दुखत असेल, तर तिथल्या शिरा सुजल्या असतील. आठवडाभर वळणाच्या धावा कमी करा. गुडघा सुजत, अडकत किंवा लचकत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा.