एडिटरचं वजन

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेल सावकाश वाचला. तुझ्या स्क्रीनवर व्हीएस कोड हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, दिसला की ऑफिसातले सीनियर नाक मुरडतात, विम हा जुना, कळफलकावरच चालणारा एडिटर येत नाही तर इंजिनिअर कसली म्हणतात. आणि पावसाळ्यात दापोलीला घरून काम करताना एडिटर, ब्राउझर आणि ऑफिसचं चॅट एकदम उघडलं की तुझा ८ जीबीचा लॅपटॉप रडकुंडीला येतो. हे दोन्ही तू एका दमात विचारलंस, पण प्रश्न वेगळे आहेत. पहिला मनाला लावून घेऊ नकोस. दुसरा जरूर लावून घे.

एडिटरवरून भांडणं तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत. बिल जॉय या प्रोग्रामरने बर्कले विद्यापीठात विमचा पूर्वज व्हीआय लिहायला घेतला तो १९७६ साली, आणि एमआयटीत ईमॅक्स हा त्याचा प्रतिस्पर्धी एडिटरही त्याच वर्षी आकाराला आला. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांना नावं ठेवत आली आहेत आणि दोन्हीकडून उत्तम सॉफ्टवेअर तयार होत आलं आहे. त्यावर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

व्हीआय असा का झाला, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. पडद्यावर थोडं काही बदललं तरी वाट बघत बसायचं. म्हणून त्याने एकेका कळीत मावेल तेवढं काम भरलं. दोन कळा दाबल्या की शब्द जातो, दोन दाबल्या की अख्खी ओळ. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर हलतो, कारण त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेल्या यंत्रावर, बाणांच्या खुणा त्याच कळांवर छापलेल्या होत्या. जॉयची ती अडचण आपल्याकडे जुलैत जिवंत होते. घाटात केबल तुटते, मोबाइलवर रेंजची एखादी दांडी उरते आणि तुला दूरच्या सर्व्हरवरची एक ओळ बदलायची असते. दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या एसएसएचवरून फक्त अक्षरं ये-जा करतात, तेवढी त्या रेंजमध्येही जातात. व्हीआय पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकात असल्यामुळे बहुतेक युनिक्स-लिनक्स सर्व्हरवर तो किंवा त्याचा कोणी भाऊबंद हजर असतो.

म्हणून शिक. विमसोबत येणारा विमट्यूटर अर्ध्या तासाचा आहे, तो रोज एकदा असा आठवडाभर कर. त्याच्या जोडीला टीमक्स घे, तो सर्व्हरवर तुझं काम उघडं धरून ठेवणारा प्रोग्राम आहे. मधेच रेंज गेली तरी सर्व्हरवरचं तुझं सत्र चालू राहतं, परत जोडलं की तू होतीस तिथेच असतेस. लाईट गेली तरी काम वाचायची सोय आहे. २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की विम चालू काम स्वॅप फाइलमध्ये उतरवून ठेवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, हे तू स्वतः पाहिलं आहेस. बॅटरीचा टक्का जपून वापरायची वेळ आली की हलक्या साधनाची किंमत कळते. आणि विमविषयी मला मनापासून आदर आहे तो त्याच्या कर्त्यामुळेही. ब्राम मोलेनारने १९९१ साली तो लोकांना दिला, २०२३ साली तो गेला तोपर्यंत सांभाळला, आणि मोबदला म्हणून एवढंच सुचवलं की आवडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा.

आता दुसरी बाजू, कारण तुझे सीनियर ती तुला सांगणार नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे विम चालतो त्या फक्त अक्षरांच्या खिडकीत, मराठी मजकूर उघडून बघ. टर्मिनल म्हणजे सारख्या रुंदीच्या चौकटींची जाळी. तिच्यात 'क्ष', 'त्र्य', 'र्‍या' बहुतेक वेळा फुटतात, वेलांट्या भलत्याच ठिकाणी जातात, कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडलं जातं दुसरं. व्हीएस कोडमध्ये तीच फाइल सुबक दिसते, कारण तो इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभा आहे आणि इलेक्ट्रॉनच्या पोटात क्रोमियम ब्राउझर आहे. मराठीत काम करणाऱ्याला ही सोय क्षुल्लक नाही. स्क्रीन रीडरवर विसंबून असलेल्या दृष्टिहीन प्रोग्रामरसाठीही व्हीएस कोडमध्ये चांगलं काम झालं आहे. म्हणजे सगळंच वजन चरबी नसतं.

पण इथे थांबून विचार कर. ब्राउझरमध्ये जोडाक्षरं जुळवायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तीच लायब्ररी २०२० साली ईमॅक्स २७ मध्ये आली आणि तिथेही देवनागरी नीट जुळते. अख्खा ब्राउझर पोटात न घेता हे जमतं. मग आपण ब्राउझर का घेतो? कारण एकदाच लिहिलेला कोड विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, कंपनीचे पगाराचे महिने वाचतात. वाचलेला तो खर्च कुठे नाहीसा होत नाही. तो वापरणाऱ्याच्या रॅमवर, बॅटरीवर आणि वेळेवर जाऊन बसतो. तुझ्या लॅपटॉपवर एडिटर आणि चॅट दोन्ही इलेक्ट्रॉनचे असतील, तर वेगळा उघडलेला ब्राउझर धरून तू तीन ब्राउझर चालवते आहेस.

पास्कल भाषेचा कर्ता निकलाउस विर्थ याने १९९५ सालीच याबद्दल कळकळीने लिहिलं होतं. २५ वर्षांपूर्वी ८,००० बाइटमध्ये एडिटर बसायचा, आता त्याच्या शंभरपट जागा मागतात, अशी त्याची तक्रार होती. त्याचे ते शंभरपट म्हणजे ८ लाख बाइट, एक मेगाबाइटसुद्धा नाही. ईमॅक्स ८ मेगाबाइट खातो म्हणून त्याची थट्टा व्हायची, आज तोच सडपातळ गणला जातो. दर पिढीने मागच्या पिढीची तक्रार ऐकली आणि नवं मशीन विकत घेतलं.

नवं मशीन ज्याला परवडत नाही, त्याचं काय? आपल्या तालुक्याच्या गावात सातबारा काढायला, दाखल्याचा अर्ज भरायला लोक जिथे रांगेत उभे राहतात, तिथलं मशीन बघ. जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि असे कित्येक डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. पान उघडेपर्यंत पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं, वाडीतून एसटीने आलेली बाई टेबलासमोर ताटकळते आणि परतीची गाडी चुकेल या धास्तीने दाराकडे बघते. ते पान लिहिणाऱ्याच्या टेबलावर ३२ जीबीचं मशीन होतं, त्याला ते चक्र कधी दिसलंच नाही. मला राग येतो तो या न दिसण्याचा.

तर कामाला लाग. व्हीएस कोड सोडू नकोस, पण त्याच्या हेल्प मेनूतला प्रोसेस एक्सप्लोरर उघड आणि कोण किती खातं ते लिहून काढ. बरेचदा एडिटर निर्दोष निघतो. खरा खादाड असतो लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड वाचून एडिटरला चुका आणि सूचना पुरवणारा वेगळा प्रोग्राम, किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून टाकलेलं आणि नंतर विसरलेलं एखादं एक्स्टेंशन. नको ती काढून टाक. लँग्वेज सर्व्हरच जड असेल तर निओव्हिम या विमच्या नव्या अवतारात गेलीस तरी तो तेवढीच रॅम मागेल, हे लक्षात ठेव.

त्यानंतर तुमच्या टीमचं जे पान तू लिहिते आहेस, ते घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, पाऊस चालू असताना उघड. किती सेकंद लागले, किती मेगाबाइट उतरले, हे सोमवारच्या मीटिंगमध्ये आकड्यांनिशी मांड. कोणी म्हणेल, आमच्याकडे तर झटकन उघडतं. तेव्हा वाद घालू नकोस, मशीन कुठलं आणि नेट कुठलं एवढंच विचार. ते आकडे मलाही पाठव, कुठलं वजन कामाचं आहे आणि कुठलं उतरवता येईल ते दोघं मिळून बघू.

तुझा,
काका
रत्नागिरी