सोलर घेण्याआधी जुनी वीजबिलं काढा

पॅनल कोणत्या कंपनीचं, ते नंतर बघू. आधी वर्षभराची बिलं काढून महिन्याला किती युनिट जातात ते पाहा. आपल्याकडे १ किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतात. म्हणजे महिन्याला ३००-३५० युनिट वापर असेल तर ३ किलोवॉट पुरे. त्याला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते.

वीज फारशी जात नसेल तर सरळ ऑन-ग्रिड घ्या, म्हणजे महावितरणच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली, बॅटरी नसलेली सिस्टीम. बॅटरीचा खर्च नाही, आणि दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) महावितरणकडे जाऊन बिलातून वजा होते. मात्र एक गोष्ट बरेच विक्रेते सांगत नाहीत. लाइट गेली की ही सिस्टीमही बंद पडते, अगदी भर उन्हात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. ते तसंच असायला हवं.

तासन्‌तास भारनियमन असेल तर हायब्रिड, म्हणजे लाइनला जोडलेली आणि बॅटरीही असलेली सिस्टीम बघा; बॅटरीवर दिवे, पंखे, फ्रिज ठेवा, गीझर नको. ऑफ-ग्रिड, म्हणजे लाइनला न जोडता बॅटरीवर चालणारी सिस्टीम, फक्त लाइन न पोचलेल्या शेतघरासाठी.

२०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण सिस्टीम ग्रिडला जोडलेली हवी आणि पॅनलमधले सेलही भारतातच बनलेले हवेत. कोटेशनवर हे लिहून घ्याच. सोसायटीत राहत असाल तर गच्चीसाठी आधी सभेत ठराव करून घ्या.