वाशिष्ठीचे पाणी चिपळुणातच का साचते?

प्रश्न : पाऊस कोकणात सगळीकडेच पडतो, मग २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि शेजारचे खेर्डी इतके का बुडाले?

उत्तर : चिपळूण सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाशिष्ठी आणि शिव या नद्यांच्या काठी, सखल जागी वसले आहे. घाटात कोसळलेला पाऊस तीव्र उतारावरून काही तासांत शहरात उतरतो, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर त्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. त्यात एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते : कोयनेच्या जलविद्युत केंद्रांतून वीजनिर्मितीनंतर बाहेर पडणारे पाणी, म्हणजे मूळचे कृष्णाखोऱ्यातले पाणी, कोळकेवाडी धरणामार्गे याच वाशिष्ठीत येते. त्याचा पुरातील वाटा किती, यावर चिपळूणकर अजून वाद घालतात. माझ्या मते अतिवृष्टी हेच मूळ कारण, पण गाळाने उथळ झालेल्या पात्राने ते अधिक जाचक केले. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले, दुकानांतला माल चिखल झाला. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला तर २००५ नंतर दुसऱ्यांदा ग्रंथ गमवावे लागले. पुरानंतर पात्रातील गाळ काढण्याचे काम नागरिकांच्या आंदोलनामुळेच मार्गी लागले.