सप्टेंबरात मुंबईजवळ चिखलपक्षी (चिखलात चरणारे किनारी पक्षी) आणि भिंगऱ्या (स्वॅलो) पाहायला कधी जावं?

घड्याळ नको, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. मुंबईत शिवडीच्या चिखलकाठी पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा. पाणी चढतं तसे पक्षी सरकत काठाशी येतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर लांबवर नुसते ठिपके दिसतील (मी गेलोय!). सप्टेंबरची गंमत म्हणजे नुकत्याच आलेल्या काही चिखल्यांच्या (प्लव्हर) छातीवर विणीचा तांबूस रंग अजून उरलेला असतो. सतत शेपटी हलवणारा दिसला तर तो तुतवार (सँडपायपर). फ्लेमिंगोंची आशा मात्र आत्ता नको.

भिंगऱ्या विजेच्या तारांवर शोधा. गळा तांबूस, खाली काळसर पट्टा असेल तर पाहुणी माळभिंगरी. डोकं तांबूस, गळा पांढरा असेल तर आपली इथलीच तारवाली.

सोलापूरकडच्या उजनी धरणावर जायची घाई नको, ते भरलेलं असलं की चिखल पाण्याखाली असतो.