स्विचचा फेज-धक्का सरासरीत जिरत नाही

नांदेडहून आलेला प्रश्न असा: सीझियम फाउंटन घड्याळात (सीझियमचे अणू कारंज्यासारखे वर फेकून वेळ मोजणारं अणुघड्याळ) अणू कॅव्हिटीबाहेर (मायक्रोवेव्ह भरलेल्या धातूच्या पोकळीबाहेर) असताना गळका मायक्रोवेव्ह त्यांना लागू नये म्हणून पिन डायोडचा (विजेने चालू-बंद होणाऱ्या अर्धवाहक भागाचा) स्विच घातला, पण स्विचने मायक्रोवेव्हचा फेज, म्हणजे लहरीची चक्रातली जागा, हलतो. भरपूर फेऱ्यांची सरासरी घेतली तर तो धक्का जिरेल का?

नाही जिरणार. नॉइज, म्हणजे कसाही खालीवर होणारा गोंगाट, असता तर जिरला असता. हा धक्का प्रत्येक फेरीत त्याच क्षणी, त्याच दिशेने येतो.

अणू कॅव्हिटीतून वर जाताना एकदा आणि पडताना एकदा जातात, मध्ये साधारण अर्धा सेकंद. या दोन वेळांच्या फेजमध्ये १ मायक्रोरेडियनचा फरक पडला, तर सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झ वारंवारतेच्या प्रमाणात चूक होते ३.५ × १०^-१७. म्हणजे १०^-१६ ची अचूकता हवी असेल तर तीनेक मायक्रोरेडियनमध्येच सगळं भागवायचं.

दोन्ही वेळचा धक्का तंतोतंत सारखा असेल तर तो वजा होऊन जातो, हे नीट समजून घ्या. पण पहिल्या पल्सआधी (कॅव्हिटीतून जाताना अणूंना मिळणाऱ्या मायक्रोवेव्हआधी) स्विच बराच वेळ बंद असतो, दुसऱ्याआधी अर्धाच सेकंद. डायोडचं तापमान वेगळं, म्हणून फेजही वेगळा. त्यात परावर्तन करणारा स्विच बंद झाला की सिग्नल उलटा फिरून तो तयार करणाऱ्या सिंथेसायझरला ओढतो; विहिरीवरची मोटर चालू झाली की घरातला बल्ब मंदावतो, तसं. त्यामुळे शोषून घेणारा स्विच घ्या, मागे आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा.

पॅरिस वेधशाळेतल्या गटाने २००९ मध्ये इंटरफेरोमीटरचा स्विच मांडला: सिग्नल दोन शाखांत वाटायचा आणि बंद करायच्या वेळी त्यांनी एकमेकींना रद्द करायचं. माझा कल मात्र सिग्नल बंदच न करण्याकडे आहे. अणू बाहेर असताना वारंवारता रेझोनन्सपासून, म्हणजे अणू ज्या वारंवारतेला प्रतिसाद देतात तिच्यापासून, दूर सरकवायची. पॉवर तीच, भारही तोच. परत येताना फेज मूळ जागी यायलाच हवा, तेवढं डीडीएसकडून (वारंवारता आकड्यांनी घडवणाऱ्या चिपकडून) करून घ्या.

आणि हे मोजायला अणू लागतच नाहीत, आपल्याकडच्या कॉलेजांसाठी हे फार मोलाचं आहे. स्विचमधून गेलेला सिग्नल न तोडलेल्या सिग्नलशी मिक्सरमध्ये (दोन सिग्नलच्या फेजमधला फरक दाखवणाऱ्या भागात) भिडवा आणि फेरीच्या ट्रिगरवर, म्हणजे प्रत्येक फेरी सुरू होण्याच्या खुणेशी जुळवून, सरासरी घ्या. इथे सरासरी उपयोगी पडते, कारण नॉइज जातो आणि धक्का तेवढा उरतो. मे महिन्यात नांदेडला पारा चाळिशीपार असतो, केबलचा फेज त्याबरोबर सरकत राहतो. पण तो बदल संथ असतो, फेरीशी बांधलेला नसतो. डायोडचा बायस (त्याला चालू-बंद करणारा वीजपुरवठा) मात्र बॅटरीवरच ठेवा. लाईटचं व्होल्टेज खालीवर झालं तरी मोजमाप हलणार नाही.