बँकेबाहेरच्या गर्दीकडे बघ

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

‘डॉग डे आफ्टरनून’ या बँक दरोड्याच्या सिनेमावरचा तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत घेतली आहेस, पण सिनेमाला परीक्षेला बसवलंयस. समलिंगी नायक सॉनी सहानुभूतीनं रंगवलाय का, त्याच्या जोडीदाराची, लिऑनची, टिंगल होते का, असे प्रश्न काढून प्रत्येकाला मार्क दिलेस. १९७५ चा सिनेमा अशा तपासणीत थोडा पास, थोडा नापास होणारच. मग त्यात तुझं म्हणून काय उरलं?

पुन्हा बघशील तेव्हा सॉनी झालेल्या पचिनोवरची नजर काढ आणि रस्त्यावरच्या गर्दीकडे बघ. (त्याच्या अभिनयाचं कौतुक तीन परिच्छेद चाललंय. एक पुरे.) सॉनी बँकेच्या दारात येऊन ‘अ‍ॅटिका!’ ओरडतो आणि गर्दी पेटते. अ‍ॅटिका म्हणजे काय, हे सिनेमा सांगत बसत नाही, कारण तेव्हाच्या न्यूयॉर्ककरांना ते सांगावं लागत नव्हतं. सप्टेंबर १९७१ मध्ये अ‍ॅटिकाच्या तुरुंगात कैद्यांनी उठाव केला होता आणि तुरुंग परत ताब्यात घेताना झालेल्या गोळीबारात कैदी व ओलीस मिळून ३९ माणसं मेली. ही घोषणा पटकथेत नव्हती, ती चित्रीकरणाच्या वेळी आली. तुझ्या वाचकाला मात्र अ‍ॅटिका समजावून सांगावंच लागेल, नाहीतर एक चोर ओरडतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत, एवढंच त्याला दिसेल.

पुढे पोलीस लिऑनला आणतात. सॉनीनं दरोडा लिऑनच्या लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी घातला, हे बाहेर पडतं आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्याच रस्त्यावर हुर्यो सुरू होते. थोड्या वेळानं समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते घोषणा देत येतात आणि सॉनी पुन्हा कुणाचा तरी नायक होतो. माणूस तोच आणि रस्ताही तोच. सिनेमाचं राजकारण मला इथं दिसतं. सुरुवातीच्या गाण्यानंतर दिग्दर्शक लुमेटनं पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही, त्यामुळे कुणाच्या बाजूनं व्हायचं हे व्हायोलिन सांगत नाही. गर्दीचा आवाज तेवढा ऐकू येतो.

दोन प्रसंग तुझ्या नजरेतून सुटलेत. दम्याचा त्रास होणाऱ्या कृष्णवर्णीय रखवालदाराला दरोडेखोर सोडून देतात. तो ओलीस आहे, तरी बाहेर पडताच पोलीस त्यालाच दरोडेखोर समजून धरतात. त्यावर कुणी भाषण देत नाही, सिनेमा पुढे जातो. दुसरा प्रसंग सॉनीच्या साथीदाराचा, सालचा. टीव्हीवाले दोन समलिंगी दरोडेखोर म्हणतात, तेव्हा साल अस्वस्थ होतो आणि आपण तसे नाही हे त्यांना सांगायला लावतो. ओलिसांना मारायची तयारी असलेल्या माणसाला या शब्दाची भीती वाटते.

आता लिऑन. तुझ्या लेखात ‘ज्याच्यासाठी दरोडा घातला तो’ एवढीच त्याची ओळख आहे. अर्थात सॉनीही त्याला तसंच बघतो. फोनवरचं संभाषण नीट ऐक. पोलीस ऐकतायत हे कळल्यावर लिऑन म्हणतो, यात माझा काही हात नाही, हे त्यांना सांग. त्याला सॉनीची भीती वाटते, आणि तो ती लपवत नाही. आपल्या नावानं चाललेल्या या त्यागातून सुटका मागणारं पात्र आहे ते. लिऑन साकारणाऱ्या ख्रिस सरँडननं ते केविलवाणं होऊ दिलेलं नाही. पण दोघांना फोनवरच बोलू देऊन सिनेमानं स्वतःची सोयही पाहिली, असं मला वाटतं. हे तू खुशाल लिही, फक्त लिऑनची बाजू मांडून झाल्यावर लिही.

आणखी एक. सॉनी आणि जॉन वॉयटोविच यांची तू सरमिसळ केलीयस. २२ ऑगस्ट १९७२ ला ब्रुकलिनमध्ये बँकेवर खराखुरा दरोडा घालणारा वॉयटोविच, आणि सॉनी हे फ्रँक पिअरसननं लिहिलेलं पात्र. वॉयटोविचनं तुरुंगातूनच सिनेमातल्या बऱ्याच गोष्टी खोट्या आहेत असं लिहिलं होतं. त्याची गोष्ट विकत घेतल्याचे जे पैसे मिळाले, त्यातून एलिझाबेथ ईडनची, म्हणजे जिच्यावरून लिऑन रचला तिची, शस्त्रक्रिया झाली. बँकेतून जे मिळालं नाही ते सिनेमानं दिलं. तू हे तळटीपेत टाकलंयस! ते लेखात वर घे, आणि सिद्धांतांची पहिली दोन पानं काढून टाक. उरेल ते पाठव.

तुझा,
सर